वकील पुष्कळ, पक्षकार गैरहजर

१४ जून २०२५ रोजी मुंबईत, राज्याचे मुख्यमंत्री आणि केंद्रीय शिक्षणमंत्री यांच्या उपस्थितीत, पाच परदेशी विद्यापीठांना इरादापत्रे देण्यात आली. स्कॉटलंडचे ॲबर्डीन, इंग्लंडचे यॉर्क, अमेरिकेतील इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी, इटलीतील एक डिझाइन संस्था आणि वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठ अशी ती पाच नावे. नव्या मुंबईत विमानतळानजीक सिडको जी शिक्षणनगरी वसवू पाहत आहे, तिच्या संदर्भात हा समारंभ होता. भाषणे झाली, छायाचित्रे निघाली आणि महाराष्ट्राच्या उच्च शिक्षणात नवे पर्व सुरू झाल्याची द्वाही फिरवण्यात आली.

जून-जुलैच्या त्याच दिवसांत, दरवर्षीप्रमाणे, जिल्हा आवृत्त्यांच्या आतल्या पानांवर दुसऱ्या प्रकारच्या जाहिराती येत होत्या. अमुक महाविद्यालयात मराठी, अर्थशास्त्र, भूगोल, वनस्पतिशास्त्र या विषयांसाठी तासिका तत्त्वावर सहायक प्राध्यापक हवेत. पात्र उमेदवारांनी मूळ कागदपत्रांसह स्वखर्चाने मुलाखतीस हजर राहावे. बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत अशा मुलाखतींना जाणारे तरुण मी वर्षानुवर्षे पाहत आलो आहे. सेट किंवा नेट झालेले, पुष्कळदा पीएच. डी. झालेले, तिशी उलटलेले. त्यांतले काही माझेच विद्यार्थी. आठवड्याला मोजके तास, घेतलेल्या तासापुरते मानधन, सुट्टीत काही नाही आणि पुढच्या जूनमध्ये पुन्हा तीच मुलाखत. एक जण दिवाळीच्या सुट्टीत बियाण्यांच्या दुकानात हिशेब लिहितो. दुसरा उसाच्या हंगामात काट्यावर बसतो. वर्गात तो विद्यार्थ्यांना छुप्या बेकारीची व्याख्या शिकवतो, हे वेगळे सांगायला नको.

या दोन चित्रांमधील अंतर केवळ श्रीमंत-गरिबांमधील अंतर आहे असे म्हणून थांबता येत नाही. पर्थचे विद्यापीठ नव्या मुंबईपर्यंत आपोआप चालत आलेले नाही. त्यासाठी कोणीतरी कोणाकडे तरी आकडे घेऊन गेले, मसुद्यांवर अभिप्राय दिले, मंत्र्यांच्या भेटी घेतल्या. याला धोरणाची वकिली म्हणतात. इंदापूरच्या वर्गाची वकिली कोण करतो, हा आजचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर शोधताना आपल्या पक्षालाही आरोपीच्या पिंजऱ्यात उभे राहावे लागणार आहे.

प्रथम त्यांच्याकडे पाहू. ऑस्ट्रेलियातील कुलगुरूंची एक संयुक्त संघटना आहे, युनिव्हर्सिटीज ऑस्ट्रेलिया. दरवर्षी अर्थसंकल्पाआधी ती सरकारला मागणीपत्र सादर करते, संसदेच्या समित्यांपुढे साक्ष देते आणि वर्षअखेर काय मिळाले, काय राहिले याचा ताळेबंद मांडते. २०२५ हे वर्ष तिच्या दृष्टीने संमिश्र गेले. फेब्रुवारी २०२४ मध्ये तेथील सरकारने नेमलेल्या समितीने उच्च शिक्षणाविषयी ४७ शिफारशींचा अहवाल दिला होता. त्यातल्या काही अमलात आल्या. जुलै २०२५ पासून शिक्षकी पेशा, परिचर्या आणि समाजकार्य शिकणाऱ्या गरजू विद्यार्थ्यांना विनावेतन कराव्या लागणाऱ्या प्रत्यक्ष कामाच्या काळात साप्ताहिक भत्ता सुरू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस संसदेने विद्यार्थ्यांवरील शैक्षणिक कर्ज सरसकट २० टक्क्यांनी कमी केले. सुमारे ३० लाख लोकांचे १६०० कोटी डॉलर माफ झाले. मागणी मान्य झाली, पेढे वाटले गेले असावेत. पण २०२१ साली कला शाखेचे शुल्क ज्या निर्णयाने दुपटीहून अधिक वाढले, तो निर्णय मात्र जागेवरच आहे. तीन वर्षांच्या साध्या बी. ए.साठी तेथील विद्यार्थी ५० हजार डॉलरहून अधिक देणे लागतो. मागचे कर्ज हलके झाले, पुढच्याचा दर तसाच राहिला. आपल्याकडे सोसायटीच्या कर्जमाफीनंतर शेतकऱ्याचे जे होते, त्याच जातीचे हे प्रकरण आहे.

ज्या देशात हे घडते, त्या देशाने १९७४ साली विद्यापीठांचे शुल्क पूर्णपणे रद्द केले होते. गॉफ व्हिटलॅम यांच्या मजूर पक्षाच्या सरकारने तो निर्णय घेतला होता. आणि १९८९ साली तेच शुल्क कर्जाच्या रूपाने परत आणले तेही मजूर पक्षाच्याच सरकारने. बॉब हॉक पंतप्रधान होते आणि जॉन डॉकिन्स शिक्षणमंत्री. युक्तिवाद असा होता की विद्यापीठात जातात ती वरच्या वर्गाची मुले. त्यांचा खर्च कामगाराने करातून का उचलावा? युक्तिवाद समाजवादी होता, परिणाम बाजारी झाला. सरकारचा हात आखडत गेला, विद्यापीठांनी परदेशी विद्यार्थ्यांच्या शुल्कावर संसार थाटला, आणि तो डोलारा एवढा वाढला की २०२५ साठी सरकारला नव्या परदेशी विद्यार्थ्यांची संख्या २ लाख ७० हजारांवर रोखावी असे वाटू लागले. कायदा सिनेटमध्ये अडला, तेव्हा व्हिसाची गती मंद करून तेच साधण्यात आले. २०२६ साठी आकडा २ लाख ९५ हजार झाला. गिऱ्हाईक दुकानात येण्यावर बंधने आली की दुकान गिऱ्हाइकाच्या गावात न्यावे, हा साधा व्यापार आहे. डीकिन आणि वोलोंगाँग ही दोन ऑस्ट्रेलियन विद्यापीठे २०२४ मध्येच गुजरातच्या गिफ्ट सिटीत येऊन बसली आहेत. हे एकच कारण नसेल. पण कारणांच्या यादीत ते खालच्या क्रमांकावर नाही.

तेथील वकिलीची आणखी एक बाजू कुलगुरूंच्या ताळेबंदात ठळक अक्षरात सापडणार नाही. २०२४ च्या डिसेंबरमध्ये मेलबर्न विद्यापीठाने २५ हजारांहून अधिक कर्मचाऱ्यांना थकवलेल्या वेतनापोटी ७ कोटी डॉलरहून अधिक रक्कम परत करण्याचे श्रम-नियामकाला लिहून दिले. त्यांत मोठा भरणा तासिका तत्त्वावरील शिक्षकांचा होता. तेथेही तासिका आहेत! विद्यापीठाचे नाव जगात पहिल्या पन्नासांत आणि निबंध तपासण्याचे पैसे निबंधांच्या संख्येवर ठरवलेले. ही रक्कम कुलगुरूंच्या संघटनेच्या मागणीपत्रातून मिळाली नाही. प्राध्यापकांच्या संघटनेने एकेका तासाचा हिशेब जमवला म्हणून मिळाली. संस्थेची वकिली आणि संस्थेतील माणसाची वकिली यांत फरक असतो, तो येथे दिसतो.

आता आपले वर्ष. ६ जानेवारी २०२५ रोजी विद्यापीठ अनुदान आयोगाने शिक्षकांच्या व कुलगुरूंच्या नेमणुकीसंबंधी नियमांचा मसुदा प्रसिद्ध केला. कुलगुरूच्या निवडीत राज्य सरकारचे स्थान पुसून टाकणे आणि उद्योग वा प्रशासनातील व्यक्तीला त्या खुर्चीचे दार उघडणे, यांवर गदारोळ झाला. केरळ, तामिळनाडू, कर्नाटक यांनी विरोध केला. फेब्रुवारीत बंगळुरास सहा राज्यांच्या मंत्र्यांची परिषद झाली. महाराष्ट्र त्यात नव्हता. पण या मसुद्यातील ज्या तरतुदीशी बारामती-इंदापूरचा थेट संबंध होता, तिच्याकडे विरोधकांचेही लक्ष तुलनेने कमी गेले. २०१८ च्या नियमांत कंत्राटी शिक्षकांचे प्रमाण १० टक्क्यांहून अधिक असू नये अशी मर्यादा होती. नव्या मसुद्यात ती मर्यादाच गाळली होती. कुलगुरू कोण नेमणार यावर वृत्तपत्रांत अग्रलेख पडले. मास्तर कोण आणि किती दिवसांचा, यावर पडले नाहीत. पुढे डिसेंबर २०२५ मध्ये केंद्र सरकारने 'विकसित भारत शिक्षा अधिष्ठान' विधेयक लोकसभेत मांडले आणि ते संयुक्त समितीकडे गेले. अनुदान आयोगच विसर्जित करून नियमन एकीकडे आणि पैसा मंत्रालयाकडे अशी त्याची रचना आहे. ज्या आयोगाच्या नावातच अनुदान होते, त्याच्या जागी येणाऱ्या यंत्रणेकडे अनुदान असणार नाही, ही बाब नुसती शब्दांची नाही.

राज्यात काय झाले? ते समजण्यासाठी थोडे मागे जावे लागते. नोव्हेंबर २०१८ मध्ये राज्य सरकारने अनुदानित महाविद्यालयांतील सहायक प्राध्यापकांच्या ३५८० पदांना मान्यता दिली. त्यांपैकी १४९२ भरली गेली तोच करोना आला आणि ४ मे २०२० च्या वित्त विभागाच्या निर्णयाने नवी भरती थांबली. उरलेल्या २०८८ पदांना २०२१ च्या अखेरीस पुन्हा मान्यता द्यावी लागली. म्हणजे एकदा मान्य केलेली पदे दुसऱ्यांदा मान्य करून सरकारने दोनदा श्रेय घेतले. दरम्यान माझ्या पिढीचे शिक्षक निवृत्त होत राहिले. एक निवृत्त झाला की त्याची पूर्णवेळ जागा नाहीशी होते आणि तिच्या जागी दोन तासिका शिक्षक येतात. निरोपसमारंभात माझ्या गळ्यात हार घालताना ज्या मुलाचे डोळे भरून आले, तोच दुसऱ्या दिवसापासून माझे तास घेणार होता, माझ्या वेतनाच्या एका क्षुल्लक हिश्श्यावर. त्याचे अश्रू माझ्यासाठी होते की स्वतःसाठी, हे मी त्याला विचारले नाही.

त्यातच २०२४-२५ पासून नवे शैक्षणिक धोरण संलग्न महाविद्यालयांतही आले. मुख्य विषय, दुय्यम विषय, खुला विषय, कौशल्याचा विषय, भारतीय ज्ञानपरंपरेचा विषय असा पदवीचा डबा सात कप्प्यांचा झाला. पुण्याच्या एखाद्या मोठ्या महाविद्यालयात हे कप्पे भरता येतात. जिथे अर्थशास्त्राला एकच पूर्णवेळ शिक्षक आहे, तिथे विद्यार्थ्याला 'निवड' म्हणजे वेळापत्रकात जे बसेल ते. शिवाय विद्यार्थी अनेक विषयांत विखुरला की एका विषयाचा कार्यभार कमी दिसतो, आणि कार्यभार कमी दिसला की मान्य पदही संकटात येते. धोरण लिहिणाऱ्यांनी हे मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्यांनी इंदापूर डोळ्यांसमोर ठेवले नव्हते, इतकेच.

तेव्हा येथे वकिली करतो कोण? कुलगुरू करतात, ती विद्यापीठाच्या मानांकनाची असते. संस्थाचालक करतात, ती शुल्काच्या प्रतिपूर्तीची असते. सरकारने मुलींचे शुल्क माफ केले तर तेवढी रक्कम संस्थेला वेळेवर मिळावी, ही त्यांची मागणी रास्तच आहे, पण ती संस्थेची मागणी आहे. प्राध्यापकांच्या संघटना करतात. त्यांविषयी मी जपून बोलेन, कारण त्यांनी मिळवलेल्या वेतनावर माझा संसार झाला आणि निवृत्तिवेतनावर आज चालला आहे. २०१३ साली सहाव्या वेतन आयोगाची थकबाकी आणि नेट-सेटचा प्रश्न यांसाठी आम्ही परीक्षांच्या कामावर बहिष्कार घातला. तो फेब्रुवारीपासून मे महिन्यापर्यंत चालला. मीही त्यात होतो. मागण्या न्याय्य होत्या असे आजही मला वाटते. पण त्या काही महिन्यांत तासिका शिक्षकांची एक ओळ आमच्या पत्रकांत शेवटून दुसऱ्या क्रमांकावर असे, आणि वाटाघाटीत शेवटून दुसरी ओळ नेहमीच गळते. निकाल लांबणार म्हणून धास्तावलेला एक पालक मला स्टँडवर भेटला. ऊसतोड मुकादमाचा मुलगा पहिल्यांदा तृतीय वर्षाला बसत होता. त्या गृहस्थाने मला शिव्या दिल्या असत्या तर बरे झाले असते. त्याने नमस्कार केला आणि विचारले, "सर, पोराचा पेपर तपासला जाईल ना?"

कायद्यातच एक खुबी आहे, ती कार्यकर्त्यांनी नीट ध्यानात घ्यावी. २०१६ च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यातील 'शिक्षक' या शब्दाची व्याख्या पूर्णवेळ, मान्यताप्राप्त शिक्षकापुरती आहे. म्हणजे अधिसभेत शिक्षकांचे जे प्रतिनिधी निवडून जातात, त्यांच्या मतदारयादीत तासिका शिक्षक नाही. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघालाही पूर्णवेळ अध्यापनाची अट आहे. विद्यार्थ्यांचे तसेच. १९९४ च्या कायद्याने विद्यार्थिसंघाच्या खुल्या निवडणुका बंद झाल्या. २०१६ च्या कायद्याने त्या पुन्हा आणल्या. २०१९ मध्ये त्या घ्यायच्या ठरल्या आणि पुढे ढकलल्या गेल्या, आणि आजतागायत झालेल्या नाहीत. जो शिकवतो त्याला मत नाही आणि जो शिकतो त्यालाही नाही. दोघांच्या नावाने खटला चालू आहे, दोघेही न्यायालयाच्या दाराबाहेर उभे आहेत.

आता आपल्या पक्षाकडे वळतो. उच्च शिक्षणाविषयी समाजवादी चळवळीच्या मनात एक जुना संकोच आहे आणि त्याचे मूळ आदरणीय आहे. १८८२ साली हंटर आयोगापुढे महात्मा फुल्यांनी जे निवेदन दिले, त्यात रयतेच्या सारापट्टीतून आलेला पैसा वरच्या वर्गाच्या उच्च शिक्षणावर खर्च होतो आणि खेड्यातील प्राथमिक शाळा उपाशी राहते, हे त्यांनी ठणकावून सांगितले. पुणे जिल्ह्यात धोरणाची वकिली कशी करावी याचा तो पहिला नमुना. पक्षकार स्पष्ट, मागणी स्पष्ट, पैसा कोणाचा आणि जातो कोठे याचा हिशेब स्पष्ट. १९११ साली गोखल्यांनी सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचे विधेयक आणले, तेही याच धाग्यावर, आणि सरकारी बहुमताने ते हाणून पाडले. १९७० च्या दशकात आम्ही अर्थशास्त्राचे विद्यार्थी होतो तेव्हा, दांडेकर आणि रथ यांचा दारिद्र्यावरचा प्रबंध ताजा होता, आणि महाविद्यालयांना अनुदान म्हणजे मध्यमवर्गाला सवलत हे आम्ही छातीठोकपणे मांडत असू. मी स्वतः तसे लिहिले आहे. त्या वेळी ते बव्हंशी खरे होते.

आज ते खरे राहिलेले नाही, आणि ते खोटे कसे झाले याचा इतिहास याच दोन तालुक्यांत वाचता येतो. बारामतीत तुळजाराम चतुरचंद महाविद्यालय १९६२ साली निघाले. विद्या प्रतिष्ठान १९७२ चे. इंदापुरात कर्मयोगी शंकरराव पाटील यांच्या पिढीने तालुक्याची शिक्षणसंस्था उभी केली. सहकारी साखर कारखान्यांच्या पट्ट्यात सर्वत्र टनामागे काही पैसे शिक्षणासाठी कापण्याची रीत पडली. म्हणजे शेतकऱ्याने उसाच्या बिलातून इमारतींना विटा दिल्या. पहिल्या वीस-पंचवीस वर्षांत या वर्गांत बसली ती बागायतदारांची, व्यापाऱ्यांची, शिक्षकांची मुले. निरा डाव्या कालव्याचे पाणी ज्याच्या शेतात, त्याचा मुलगा वर्गात. सुप्याकडच्या जिरायतातला मुलगा क्वचित. उजनीच्या पाण्याखाली ज्यांची गावे गेली, त्यांचा तर प्रश्नच नव्हता.

मग १९८३ आले. वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदान तत्त्वावर अभियांत्रिकी महाविद्यालयांना परवानगी दिली. आपण विरोध केला. विरोध योग्य होता, पण त्यात एक उणीव होती आणि ती कबूल केली पाहिजे. मराठी मुले त्या वेळी देणग्या भरून कर्नाटकात शिकायला जात होती; त्यांना आपल्याकडे पर्याय नव्हता. नुसते 'शिक्षणाचा बाजार नको' म्हणून भागणारे नव्हते, सरकारी जागा वाढवा हे तितक्याच जोराने म्हणायला हवे होते. पुढे उन्नीकृष्णन खटला १९९३ चा, टी. एम. ए. पै २००२ चा आणि आपल्याच राज्यातून गेलेला इनामदार खटला २००५ चा. या पायऱ्यांनी संस्थाचालकांचा शुल्काचा अधिकार पक्का झाला. परिणाम असा की ज्याच्याकडे पैसा होता, तो वर्ग अनुदानित महाविद्यालयातून हळूहळू उठून गेला. प्रथम विनाअनुदानित अभियांत्रिकीत, मग पुण्यात, मग खासगी विद्यापीठात आणि आता मेलबर्नला. त्याने रिकाम्या केलेल्या बाकांवर शेतमजुराची, मेंढपाळाची, धरणग्रस्ताची, औद्योगिक वसाहतीतील कंत्राटी कामगाराची मुले येऊन बसली. त्यांत मुली अधिक. आणि नेमक्या त्याच वेळी सरकारला आठवले की उच्च शिक्षणावर खर्च करणे परवडत नाही!

म्हणजे फुल्यांचा प्रश्न आज लावला तर उत्तर उलटे येते. रयतेचा पैसा शिक्षणनगरीच्या जमिनीवर आणि रस्त्यांवर खर्च होणार आणि रयतेच्या मुलीच्या वर्गाला शिक्षक नाही. इंदापूरचे साधे अनुदानित बी. ए. हेच आज तेथील गरिबाचे विद्यापीठ आहे. त्याला प्राथमिक शाळेचा प्रतिस्पर्धी मानण्याची सवय आपण सोडली पाहिजे. कोठारी आयोगाने १९६६ साली राष्ट्रीय उत्पन्नाच्या ६ टक्के खर्च शिक्षणावर करा म्हटले, २०२० च्या धोरणाने तोच आकडा पुन्हा लिहिला. तो प्रत्यक्षात आला तर प्राथमिक की उच्च हे भांडणच उरत नाही. नाही आला, म्हणूनच दोघींना एकमेकींच्या अंगावर सोडता येते.

राज्य सरकारने ८ जुलै २०२४ च्या निर्णयाने आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांतील मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्ण माफ केले. याचे स्वागतच केले पाहिजे. शुल्कापायी मुलींनी जीव दिल्यावर हा निर्णय झाला, हेही विसरू नये. पण हा लाभ केंद्रीय प्रवेशप्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमाला जाणाऱ्या मुलीला आहे. साध्या पदवीच्या मुलीचे काय? तिचे शुल्क मुळात कमी असते, असे अधिकारी सांगतात, आणि ते खरे आहे. मात्र अर्थशास्त्रात ज्याला आम्ही संधीचा खर्च म्हणतो तो पावतीवर नसतो. तिचा खर्च एसटीत आहे, बुडालेल्या खुरपणीच्या रोजात आहे आणि 'एवढे शिकून काय करणार' या घरच्या प्रश्नात आहे. या तिन्हींपैकी पहिला खर्च सरकारच्या हातात आहे.

तो असा. अहिल्याबाई होळकर यांच्या नावाच्या योजनेत ग्रामीण भागातील मुलीला बारावीपर्यंत एसटीचा प्रवास मोफत असतो. बारावीचा निकाल लागतो, ती महाविद्यालयात नाव घालते आणि त्याच क्षणी मोफत पास बंद होतो. मग सवलतीचा मासिक पास, दोनतृतीयांश सूट असलेला, पण रोख. निमगाव केतकीहून इंदापूरला किंवा भवानीनगरहून बारामतीला जाणाऱ्या मुलीच्या घरात दर महिन्याला हे रोख पैसे कोणाच्या हाताने सुटायचे, त्यावर तिची हजेरी ठरते. बागायतदाराला ती रक्कम चहापाण्याची आहे. हंगामी मजुराच्या घरात भाऊ आणि बहीण दोघे शिकत असतील तर पास कोणाचा निघतो, हे मी पाहिले आहे. पदवी पूर्ण होईपर्यंत ही सवलत वाढवा, अशी मागणी एका ओळीत लिहिता येते. ती मांडण्यासाठी समिती लागत नाही आणि राज्याच्या अर्थसंकल्पात ती किती किरकोळ आहे हे कोणताही कारकून सांगेल.

दुसरी मागणी पदांची. मान्य पदे, भरलेली पदे, तासिकांवर चालणारी पदे, या तीन रकान्यांचा तक्ता प्रत्येक अनुदानित महाविद्यालयाचा मागवावा. माहितीचा अधिकार त्यासाठीच आहे. संस्थाचालकांवर डूख धरण्याचे कारण नाही. रिक्त पदांच्या बाबतीत अनेक प्राचार्य आपल्याइतकेच त्रस्त आहेत आणि ते खासगीत आकडे आनंदाने देतील. मला आमच्या जुन्या शिष्टमंडळांची आठवण होते. निवेदन टंकलिखित असायचे, भाषा जळजळीत असायची, एका कार्यालयात आवक क्रमांक पडायचा, पोच मिळायची, छायाचित्र निघायचे आणि परतीच्या प्रवासात लोणावळ्याला चहा व्हायचा. एकदा त्या कार्यालयातल्या एका सज्जन लिपिकाने मला बाजूला घेऊन विचारले, "सर, किती पदं रिक्त आहेत ते लिहिलंच नाही तुम्ही." खरोखरच लिहिले नव्हते. भांडवलशाहीच्या संकटावर पाऊण पान होते.

तिसरी गोष्ट मागणी नाही, काम आहे. शिक्षक मतदारसंघात तासिका शिक्षकाला स्थान नसले तरी पदवीधर मतदारसंघात आहे. पदवी मिळून तीन वर्षे झालेल्या कोणालाही आहे. पुणे पदवीधर मतदारसंघात पुणे, सातारा, सांगली, सोलापूर, कोल्हापूर हे पाच जिल्हे येतात. याच मतदारसंघातून ग. प्र. प्रधान दीर्घकाळ विधान परिषदेत गेले, आणि शिक्षणावर ते बोलायला उभे राहिले की सत्ताधारी बाकांनाही ऐकावे लागे. मागील निवडणूक डिसेंबर २०२० मध्ये झाली. सदस्याची मुदत सहा वर्षांची. या मतदारसंघाची यादी दर निवडणुकीला नव्याने होते, जुने नाव आपोआप राहत नाही. अर्ज क्रमांक १८, पदवीची साक्षांकित प्रत आणि राहण्याचा पुरावा. जे पक्ष आणि संस्था यंत्रणा राबवून हे अर्ज गठ्ठ्याने भरतात, त्यांचा उमेदवार निवडून येतो. त्यात कपट काही नाही, मेहनत आहे. ती आपण केलेली नाही. १९७७ साली आणि पुन्हा १९८५ च्या पोटनिवडणुकीत याच बारामतीने संभाजीराव काकडे यांना लोकसभेत पाठवले होते, ही आठवण चहाच्या टपरीवर काढण्यात आपण चाळीस वर्षे घालवली. विद्यापीठाच्या अधिसभेतील पदवीधरांच्या दहा जागांचेही असेच आहे. नोंदणी स्वतंत्र, तीही करावी लागते, आणि तिथे निवडून गेलेला एखादा माणूस अर्थसंकल्पाच्या बैठकीत उभा राहून निदान आकडा विचारू शकतो.

कोणी म्हणेल, नव्या मुंबईतील शिक्षणनगरीवर मोर्चा का काढत नाही? काढावा, माझी हरकत नाही. पण वेस्टर्न ऑस्ट्रेलिया विद्यापीठाला लासुर्ण्याच्या मुलीशी स्पर्धा करायची नाही, तिला त्याच्याशी करायची नाही. बारामतीत आज उसाच्या शेतात कृत्रिम बुद्धिमत्तेचे प्रयोग होतात आणि त्यांचे कौतुक सातासमुद्रापार होते. मलाही त्याचा अभिमान वाटतो. त्या प्रयोगाच्या संगणकावर बसायला जे तरुण लागतील, ते कोठल्या वर्गातून येणार आणि त्या वर्गात गणित कोण शिकवणार, एवढेच मला विचारायचे आहे.

इंदापूर आणि बारामती तालुक्यांतील कार्यकर्त्यांना एक छोटे काम सुचवतो. एप्रिलपर्यंत मोफत पास घेऊन बारावीच्या वर्गाला येणाऱ्या मुलींची संख्या प्रत्येक कनिष्ठ महाविद्यालयाकडे आणि एसटीच्या आगारात असते. जुलैच्या अखेरीस त्याच मार्गांवर पदवीच्या पहिल्या वर्षासाठी किती मुलींनी मासिक पास काढले, तेही आगारातच कळते. दोन्ही आकडे गावनिहाय शेजारी शेजारी लिहावेत. मधली तफावत ज्या गावात सर्वांत मोठी असेल, त्या गावी जावे, ज्या मुली आल्या नाहीत त्यांच्या घरी बसावे आणि पास मोफत असता तर त्या आल्या असत्या का, हे त्यांच्या आईला विचारावे. तो कागद घेऊन मी कोणत्याही कार्यालयात यायला तयार आहे.